वीतभर बाहेर

२ सप्टेंबर

आदरणीय विहीणबाई,

नमस्कार. तब्येत विचारत नाही, कारण काल संध्याकाळी तुमचा ठणठणीत आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला, आणि तोही माझ्या वेळेत. हे समोर सांगितलं असतं, पण मुलाच्या सासूशी हॉलच्या दारात वाद घालणं बरं दिसत नाही. म्हणून हे पत्र हॉलच्या किल्लीवाल्यांच्या हाती देतो आहे.

आपल्या गावाला हॉल एकच. रंगमंचावर वाचनालयाची सहा कपाटं आणि व्यायामशाळेची वजनं येऊन बसली, तेव्हापासून तुमचं नाटक खाली बॅडमिंटनच्या कोर्टवर उतरलं. त्याला मी कधी हरकत घेतली नाही. पाच ते साडेसहा आम्ही, साडेसहा ते आठ तुम्ही, असं ठरलं आहे. तरी तुमच्या नाटकातले बेकरीवाले रोज सव्वासहाला येतात, कोर्टवर सरळ सर्व्हिसच्या रेषेवर जाऊन उभे राहतात आणि रडायला लागतात. काल ते रडत असताना आपली नात भिंगरी सर्व्हिस करत होती. शटल त्यांच्या कानावर बसलं. त्यावर तुम्ही दारातून म्हणालात, ‘असंच, आता खरं रडू आलं.’ मला ते आवडलं नाही.

अठ्ठावीस तारखेला निवड चाचणी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. भिंगरीचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. तिच्यासारखा मागच्या रेषेवर नेमका पडणारा फटका आख्ख्या गावात कोणाचा नाही, आणि तो मी सहा वर्षं घासून तयार केला आहे. एवढा महिना मला माझी पूर्ण दीड तासाची वेळ मिळावी.

जाळं बनवणाऱ्या कंपनीलाही आज पत्र टाकलं. ही तिसरी कंपनी, आणि हिनेही जाळं आखूड पाठवलं आहे. दोन्ही खांबांपाशी चार-चार इंच फट राहते. ती नाडीने बांधून भागवतो आहे. मी चष्म्याच्या काचेचा पाव नंबर चुकू देत नाही, आणि यांना वीस फूट मोजता येत नाहीत.

आपला,
चष्मेवाले व्याही

---

४ सप्टेंबर

आदरणीय व्याहीबुवा,

तुमचं पत्र पोचलं. किल्लीवाल्यांनी ते देताना ‘जरा कडक आहे’ असं सांगितलं, तेव्हा ते वाचणारी मी दुसरी हे कळलं.

बेकरीवाल्यांचं सांगते. पहाटे भट्टी पेटवायची असते, म्हणून त्यांना आठच्या ठोक्याला घरी जायचं असतं. म्हणून ते लवकर येतात. आणि लवकर आलेल्या माणसाने काय करावं, तर आपलं काम करावं. त्यांचं काम रडण्याचं आहे. सर्व्हिसच्या रेषेवरच का, तर मी त्यांना तसं बसवलं आहे. ‘दोन पावलं डावीकडे’ म्हटलं की ते हात वर करून डावा कोणता ते आठवत बसतात. ‘पांढऱ्या रेषेपर्यंत जा आणि रडा’ म्हटलं की बरोबर जातात. कंपाउंडर मागच्या रेषेवरून येतात, बँकेचे कॅशियर मधल्या रेषेवर बेशुद्ध पडतात. सगळं नाटक तुमच्या रेषांवर उभं आहे. तुमचे उपकार मी मानते, फक्त मोठ्याने मानत नाही.

माझी अडचण तुमच्यापेक्षा मोठी आहे. सहा ऑक्टोबरला प्रयोग आहे आणि मुलीची मुख्य भूमिका करणाऱ्या ग्रंथपालबाईंची बदली झाली. नाटकाचं नाव ‘लेक परत येते’ आणि लेकच नाही. तीन जण दीड तास तिची वाट बघतात, एवढंच नाटक सध्या उरलं आहे. तेव्हा पंधरा मिनिटं आधी आलो तर समजून घ्या.

नाडी माझ्या दुकानातून नेली होती, असं आठवतं. आणखी लागली तर मागवा, संकोच करू नका.

तुमची विहीण

---

९ सप्टेंबर

आदरणीय विहीणबाई,

रविवारी शेजारच्या गावी सामना झाला. आपण हरलो.

कारण स्पष्ट आहे. त्यांचं कोर्ट आखूड आहे. भिंगरीचे एकोणीस फटके मागच्या रेषेच्या बाहेर पडले, आणि सगळे सारखे, वीतभर. इकडे नाही, तिकडे नाही, वीतभर. जिचा हात इतका नेमका आहे ती एकोणीस वेळा सारखीच कशी चुकेल, हे मी त्यांच्या पंचांना विचारलं. त्यांनी मला बाकावर बसायला सांगितलं. मागच्या वर्षी पलीकडच्या गावातही हेच झालं होतं. म्हणजे या सगळ्या गावांनी मिळून कोर्ट आखूड करून ठेवली आहेत.

सामन्यानंतर मी तिला दोन शब्द सांगितले. शिकवणाऱ्याला सांगावे लागतात. तेव्हापासून ती सरावाला आलेली नाही. तिची आई, म्हणजे आमच्या सूनबाई, ‘डोकं दुखतंय’ म्हणतात. सलग दोन दिवस एका मुलीचं डोकं फक्त पाच ते साडेसहा दुखतं, हे मला नवीन आहे.

तुमचं ती ऐकते. एखादा शब्द टाकावा ही विनंती. चाचणीला एकोणीस दिवस उरले आहेत.

आपला,
व्याही

ता. क. बेकरीवाल्यांना सव्वासहाला येऊ द्या. सध्या कोर्ट रिकामंच असतं.

---

१२ सप्टेंबर

आदरणीय व्याहीबुवा,

तुम्ही सांगितलेले ‘दोन शब्द’ मला तिच्याकडून कळले. ते मोजले तर दहा भरतात. सगळ्या मुलींसमोर तुम्ही म्हणालात, ‘तुझ्या हाताला अंदाजच नाही, सहा वर्षं मी भिंतीला शिकवत होतो.’ एवढं पुरे झालं नाही म्हणून सोमवारी सकाळी तिला दुकानात नेऊन खुर्चीवर बसवलंत आणि तीनदा डोळे तपासलेत. तिने शेवटच्या ओळीतलं सगळ्यात बारीक अक्षर वाचलं, शिवाय तळाचं छापखान्याचं नावही वाचलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मग डोळेही ठीक आहेत, म्हणजे दोष तुझ्यातच आहे.’ व्याहीबुवा, पोरीला नंबर निघाला असता तर बरं झालं असतं. चष्मा तरी मिळाला असता.

शब्द टाकायला गेले होते. ती माझ्याच दुकानात येऊन कापड कापायच्या टेबलावर बसली आहे. म्हणाली, ‘आजी, तुझ्या नाटकात लेक नाही ना? मी होते.’ दोन दिवसांत तिने पहिला अंक पाठ केला. बेकरीवाले तिला पाहून इतकं मनापासून रडले की कॅशियर बेशुद्ध पडायचं विसरले. मी तिला नाही म्हणू शकले नाही. खरं सांगायचं तर प्रयत्नही केला नाही.

एक विचारते. तुमच्या पत्रात ‘वीतभर’ आहे, ती वीत नक्की किती इंचांची? तुमची की तिची? सहज विचारलं. उत्तर नाही दिलं तरी चालेल.

तुमची विहीण

---

१५ सप्टेंबर

आदरणीय विहीणबाई,

पत्र वाचलं. ते दहा शब्द माझेच आहेत. नाकारत नाही.

वीत माझी. पावणेनऊ इंच, थोडी इकडेतिकडे. शेजारच्या गावात शटल पडलं तिथून रेषेपर्यंत बोटांनी मोजून आलो होतो, पंच ओरडत असताना.

तुम्ही विचारलंत म्हणून काल जुनी वही काढून बसलो. हॉल झाल्यापासूनची सोळा वर्षं. आपली मुलं घरच्या कोर्टवर कोणालाही हरवतात आणि बाहेर गेली की हरतात. प्रत्येक सामन्यापुढे मी कारण लिहिलं आहे. शटल हलकं, वारा, पंच पक्षपाती, कोर्ट आखूड, कोर्ट आखूड, कोर्ट आखूड. पानामागून पान वाचत गेलो तसं मला स्वतःचंच हसू आलं, आणि मग आलं नाही. सोळा वर्षांत पंचवीस-तीस मुलं बाहेर जाऊन हरून येतात, तेव्हा त्या सगळ्यांत सारखी असलेली गोष्ट एकच आहे. ती म्हणजे मी.

मला शिकवता येत नाही, विहीणबाई. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मुलं हातात चांगली येतात आणि माझ्यापाशी बिघडतात. भिंगरी तर माझीच, तिचं सगळ्यात जास्त बिघडवलं. तिचं नाव चाचणीतून काढून घेण्याचं पत्र लिहून ठेवलं आहे. मुदत वीस तारखेपर्यंत आहे. तुमच्याकडे ती हसते असं किल्लीवाले सांगतात. तिकडेच राहू द्या. नाटकात तिला कोणी बाहेर म्हणणार नाही.

तुमची संध्याकाळची वेळ उद्यापासून पाच ते आठ समजा.

व्याही

---

१८ सप्टेंबर

आदरणीय व्याहीबुवा,

आधी ते पत्र बाजूला ठेवा. टाकू नका. मग खुर्चीवर बसून हे वाचा, आणि हातातली काच खाली ठेवा.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉलचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं आणि रेषा मारायच्या राहिल्या होत्या. गवंड्याची लोखंडी टेप कोणीतरी उचलून नेली होती. तुम्ही एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन माझ्या दुकानात आलात, कारण हॉलच्या शेजारी माझंच दुकान. तेव्हा आपण व्याही-विहीण नव्हतो, नुसती ओळख होती. माझ्या गळ्यात नवी टेप होती आणि खिडकीपाशी जुनी लटकत होती. नवीला रंग लागेल म्हणून मी जुनी दिली.

ती जुनी टेप ओढून ओढून लांबली होती. तिच्यावर पाच फूट लिहिलेलं असे, पण प्रत्यक्षात पाच फूट दोन इंच भरत. मला ते माहीत होतं. मी ती फक्त पडद्यांसाठी वापरायची आणि मनातल्या मनात दोन इंच कमी करायची. सगळेच शिवणकाम करणारे असं करतात, हातात बसलेली टेप टाकवत नाही. दारात मी तुम्हाला म्हणालेही, ‘अहो, ही टेप जरा...’ तुम्ही म्हणालात, ‘बाई, मी काचेचा पाव नंबर नुसत्या नजरेने सांगतो. मला टेप धरायला शिकवू नका.’ मग मी नाही शिकवलं. मलाही राग आला होता.

पुढच्या वर्षी तुम्ही मुलाला घेऊन माझ्या लेकीला मागणी घालायला आलात. मुलीच्या आईने अशा वेळी टेपेचा विषय काढायचा नसतो. त्यानंतर कधी काढायचा ते मला कळलं नाही, आणि खरं तर त्याने काही बिघडलं असेल असं डोक्यातही आलं नाही. मला वाटायचं, जरा ऐसपैस मैदान असलं तर मुलांना बरंच. कपडा तसाच बेततो आपण.

पण नऊ तारखेच्या पत्रात ‘वीतभर’ वाचलं आणि माझी सुई तिथेच थांबली. तुमचं कोर्ट चव्वेचाळीस फूट. म्हणजे टेप आठ वेळा आणि वर चार फूट. प्रत्येक टेपेला दोन इंच धरले तर साडेसतरा इंचांच्या वर जातं. दोन बाजूंत वाटलं की पावणेनऊ. तुम्ही आपली वीत कळवलीत आणि माझा हिशोब बरोबर निघाला. रुंदीला चार टेपा, आठ इंच, म्हणजे दोन्हीकडे चार-चार. जाळ्याच्या तिन्ही कंपन्या निर्दोष आहेत, व्याहीबुवा. कोणाचंही कोर्ट आखूड नाही. आपलंच मोठं आहे. तुम्ही मुलांना रेषेवर मारायला अगदी बरोबर शिकवलंत. रेषा तेवढी चुकीच्या जागी होती.

आता लाजेची गोष्ट. हे मला नऊ तारखेला कळलं आणि आज अठरा आहे. मधले नऊ दिवस मी मूग गिळून बसले. कारण भिंगरी. चौदा वर्षांत ती पहिल्यांदा रोज माझ्याकडे येत होती. एरवी ती तुमची असते, माझ्या वाट्याला सुट्टीतला एखादा दिवस. टेबलावर पाय हलवत ती संवाद म्हणते आणि मी काजं करते. मला वाटलं, थोडे दिवस मिळताहेत तर मिळू देत. तुमचं पंधरा तारखेचं पत्र वाचलं तेव्हा कळलं की मी माझ्या सुखासाठी दोन माणसांना खड्ड्यात बसवून ठेवलं आहे.

आणि काल तालमीत तिला विचारलं, रॅकेट कुठे आहे. म्हणाली, ‘कपाटावर, भिंतीच्या बाजूला सरकवलीय. मला दिसायला नको.’ मग लगेच पुढचा संवाद म्हणाली. तो आनंदाचा होता. तिने तो अगदी बरोबर म्हटला, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

तुम्ही तिला सांगा. टेप आजीची होती आणि आजी गप्प बसली, असं स्पष्ट सांगा. मी तिच्या प्रश्नाला तयार आहे.

तुमची विहीण

---

१९ सप्टेंबर

विहीणबाई,

मोजलं. नळवाल्याची लोखंडी टेप आणली, किल्लीवाल्यांना दुसरं टोक धरायला लावलं. चार वेळा मोजलं. चारही वेळा पंचेचाळीस फूट साडेपाच इंच.

सोळा वर्षं. तीन कंपन्यांना मी अशी पत्रं लिहिली आहेत की त्यांची आता नक्कल वाचवत नाही. एका पंचाला मी आंधळा म्हटलं आणि वर सवलतीत चष्मा देऊ केला. तीस मुलं. आणि माझी नात. हे सगळं नव्या टेपेला रंग लागू नये म्हणून.

आज संध्याकाळी मुलाकडे जातो आहे. भिंगरीला सगळं सांगणार आहे. कोणामुळे काय झालं आणि कोणाला किती दिवस माहीत होतं, सगळं. तुम्हीच तसं सुचवलं आहे.

नाव काढून घेण्याचं पत्र फाडलं.

व्याही

---

२१ सप्टेंबर

आदरणीय व्याहीबुवा,

काल दिवसभर मी दुकानात दाराकडे तोंड करून बसले होते. भिंगरी येईल, ‘आजी, तू असं का केलंस’ म्हणेल, त्याला काय उत्तर द्यायचं ते तीन-चार प्रकारे म्हणून पाहिलं. आली ती माझी लेक. आल्या आल्या म्हणाली, ‘आई, सासरे काल घरी येऊन काय बोलले ऐक.’

म्हणाली, तुम्ही आधी दोनदा पाणी मागितलंत, पंख्याच्या आवाजाबद्दल बोललात. मग पोरीला समोर बसवून म्हणालात, ‘रेषा मी मारल्या. त्या पुन्हा मोजायला हव्या होत्या, सोळा वर्षांत एकदाही मोजल्या नाहीत. तुझा हात बरोबर होता. अंदाजही बरोबर होता. चूक माझी.’ लेक सांगत होती, ‘आई, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला नावं ठेवली नाहीत. मला वाटलं तब्येत बिघडलीय.’

मी विचारलं, टेपेचं काही म्हणाले? ती म्हणाली, ‘कसली टेप?’

व्याहीबुवा, मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि रडले. बेकरीवाल्यांना मी गेली दोन वर्षं शिकवते आहे की रडताना खांदे हलवू नका, पण खांदे हलतात. तुमच्या हातात माझी चूक होती, लेखी होती, माझ्याच अक्षरात होती. वाऱ्याला आणि शटलाला न सोडणारा माणूस मला सोडून देतो, हे मला झेपलं नाही.

पण मी हे फुकटात घेणार नाही. संध्याकाळी भिंगरी तालमीला आली तेव्हा मी तिला टेपेसकट सगळं सांगितलं, नऊ दिवसांसकट. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने आधी बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, ‘म्हणजे माझे एकोणीस फटके आतच होते?’ मी म्हटलं, आपल्या गावात आत होते. त्यावर ती इतकी हसली की कंपाउंडरांनी आपला प्रवेश संपला असं समजून कोट चढवला.

मग म्हणाली, ‘आजोबा म्हणतात त्यांची चूक, तू म्हणतेस तुझी. तुम्ही दोघं बसून ठरवा. तोवर मी सराव करते.’ रॅकेट आणायला धावत गेली. जाताना मागे वळून सांगितलं, नाटकही करणार, दोन्ही करणार, पण चाचणीला आजोबांनी बाकावरून ओरडायचं नाही. हे तुम्हाला कळवायचं काम माझ्याकडे दिलं आहे.

आता ठरवायचं राहिलं. टेप माझी, चूक माझी.

तुमची विहीण

---

२२ सप्टेंबर

आदरणीय विहीणबाई,

चूक माझी आहे आणि ती मी तुम्हाला देणार नाही. तुम्ही ‘ही टेप जरा’ म्हणाला होतात, ते मला आठवतं. मी तुम्हाला वाक्य पुरं करू दिलं नाही. रेषा मारणाऱ्याने मोजायचं असतं. हा विषय माझ्याकडून संपला.

आज दुपारी नव्या रेषा मारल्या, पांढऱ्या. जुन्या खरवडून काढणार होतो, पण तुमचं सगळं नाटक त्यांवर उभं आहे हे लक्षात आलं. कॅशियर वीतभर पुढे बेशुद्ध पडले तर त्यांचं डोकं खांबावर आपटेल. म्हणून जुन्यांवर पिवळा रंग दिला आहे. बेकरीवाल्यांना सांगा, आता पिवळ्यावर रडायचं.

भिंगरी साडेचारलाच आली. पहिल्या दिवशी सगळं जाळ्यात मारलं, घाबरून. सहा दिवस आहेत. सहा वर्षांचा हात सहा दिवसांत वीतभर मागे घ्यायचा, म्हणजे अवघडच आहे. पण ती खेळते आहे. मला तेवढं बघायला मिळालं.

तिची न ओरडण्याची अट मान्य आहे. ती पाळायची कशी, हे कळत नाही.

आपला,
व्याही

---

२६ सप्टेंबर

व्याहीबुवा,

सोबत खोकल्याच्या गोळ्यांची पुडी पाठवते. सामना सुरू झाला की एक तोंडात ठेवायची आणि चघळायची नाही. कंपाउंडरांना मी पडद्यामागे शिंका आवरायला हाच उपाय सांगितला होता. ते गुरांची औषधं देतात, तरी त्यांना गुण आला.

मी चाचणीला येत नाही. आले तर मीच ओरडेन. संध्याकाळी हॉलच्या पायरीवर बसलेली असेन. काय झालं ते लिहून पाठवा, तोंडी सांगू नका. तुम्ही तोंडी सांगताना आधी वाऱ्यापासून सुरुवात करता.

तुमची विहीण

---

२८ सप्टेंबर
बसस्थानकावरून

आदरणीय विहीणबाई,

वारा नव्हता. हॉल बंद होता, शटल चांगलं होतं आणि पंच प्रामाणिक होते. आता बाकीचं सांगतो.

बस सुटायला पाऊण तास आहे. भिंगरी बाकावर पाय वर घेऊन झोपली आहे, म्हणून बसल्या बसल्या लिहितो आहे. गावात उतरलो की किल्लीवाल्यांकडे न देता हे स्वतः पायरीवर आणून देईन.

पहिला सामना ती जिंकली. दुसराही जिंकली. दोन्ही सामन्यांत मिळून सात गोळ्या लागल्या. तिसऱ्यात समोर मोठ्या गावची मुलगी होती, तिचा खेळ आपल्यापेक्षा चांगला होता, आणि आपण हरलो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. तीन सामन्यांत मिळून फक्त सहा फटके बाहेर पडले. त्यातले दोन निव्वळ आनंदाने. एकदा माझ्याकडून ‘मागे’ असं निघालं, पण गोळीमुळे ते कोणाला कळलं नाही.

हरली म्हणजे संपलं असं समजून मी पिशवी भरत होतो. तेवढ्यात निवड समितीच्या बाई कागद घेऊन आमच्या बाकाशी आल्या. दहा मुली घ्यायच्या होत्या आणि नऊ ठरल्या होत्या. मला न विचारता त्यांनी थेट भिंगरीला विचारलं, ‘बाकीच्या मुली तिसऱ्या सामन्यात धापा टाकत होत्या. तू कोर्टभर पळतेस आणि तुला दम लागत नाही, हे कसं?’

ती म्हणाली, ‘आमच्याकडचं कोर्ट मोठं आहे.’

बाईंना वाटलं ती थट्टा करते आहे. पण त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं, विहीणबाई. दहावं. पुढच्या महिन्यापासून शिबिर आहे.

मग त्यांनी विचारलं, ‘प्रशिक्षक कोण?’ मी सदरा नीट केला. भिंगरी म्हणाली, ‘दोन आहेत. आजोबा आणि आजी.’

‘आजीही खेळायच्या का?’

‘नाही. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. समजावून सांगायला मला बसची वेळ पुरली नसती, म्हणून मी फक्त मान हलवली. कागदावर त्या जागी एकच ओळ होती. त्यांनी माझं नाव ठळक लिहिलं आणि उरलेल्या कोपऱ्यात तुमचं, अगदी बारीक, वाचताना डोळे बारीक करावे लागतील असं.

मी त्यांना म्हटलं, बाई, माझा धंदा अक्षरांचा आहे. दोन्ही नावं एकाच मापात लिहा.

त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं. मी हातभर लांब उभा राहून दोन्ही वाचून पाहिली, आणि मगच निघालो.

आपला,
व्याही